पहिलं पिस्तूल

सकाळी नऊ

दुकान दहाला उघडतं, पण आम्ही नऊला हजर असतो. रात्रभर तिजोरीत राहिलेली पिस्तुलं ट्रेमधून बाहेर काढून काचेच्या कपाटांत मांडायची असतात. प्रत्येक पिस्तूल उचललं की आधी मॅगझीन काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये डोकवायचं आणि मग करंगळीचं टोक आत घालून खात्री करायची. काल रात्री आत ठेवताना हे सगळं केलेलंच असतं. तरी पुन्हा करायचं. ही सवय सुटली की या काउंटरमागे उभं राहायचा हक्क संपला, असं मी मानते.

मांडून झालं की क्रमांक नोंदवहीशी ताडून बघायचे. दुकानात आलेलं प्रत्येक हत्यार कुणाकडून आलं, कुणाला गेलं, याची नोंद ठेवणं परवानाधारक दुकानदाराला बंधनकारक आहे. एटीएफ या केंद्रीय खात्याचे निरीक्षक न कळवता येऊ शकतात, आणि एक क्रमांक जरी जुळला नाही तरी अख्खा दिवस तो शोधण्यात जातो.

दुकान टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आहे. मी कोल्हापूरची. आमच्याकडे नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील कुसाळे. कागदी निशाण, रोखलेला श्वास आणि वर्षानुवर्षांची मेहनत. एनसीसीत .२२ रायफल हातात घेतली ती त्या ओढीनं. इथे पहिल्यांदा पिस्तूल घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा भीतीपोटी आलेला असतो. शेजारी चोरी झालेली असते, नवऱ्याला रात्रपाळी लागलेली असते, घटस्फोटानंतर कुणीतरी पाठ सोडत नसतं. अशा नवख्यांना, विशेषतः बायकांना, माझ्याकडे पाठवतात. ते मला पिस्तुलांबद्दल विचारतात. मला मात्र त्यांच्या हातांबद्दल आणि घराबद्दल विचारायचं असतं. पहिलं पिस्तूल चुकतं ते या दोन गोष्टी न बघितल्यामुळे, हे शनिवारमागून शनिवार बघत आले आहे.

सकाळी दहा

दार उघडताच एक तरुण सरळ काउंटरवर. एकवीस पूर्ण झालेत, कारण त्याच्या आत परवानाधारक दुकानातून पिस्तूल मिळत नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्यापासून तसंच आहे. तो घरून नाव ठरवून आलाय: .४५ चं एक जडशीळ पिस्तूल. का, तर मोठी गोळी एका फटक्यात काम करते. व्हिडिओ बघून आलेल्या मुलांचं हे पाठ झालेलं वाक्य असतं.

त्याला खोडून काढण्यात अर्थ नसतो. मी ते पिस्तूल तपासून, स्लाइड उघडी ठेवून त्याच्या हातात देते. घेताक्षणी बोट चापावर जातं आणि नळी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळते. नव्या माणसाचं हे हमखास होतं. मी हात पुढे करून नळी जमिनीकडे वळवते आणि सांगते, बोट इथे, चापाच्या बाहेर, चौकटीवर सरळ. नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रुजवलेले चार नियम काउंटरवर छापून लावलेत: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. चौथा नियम लोक वाचून पुढे जातात. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांवर ठोकलेले जिप्समचे पत्रे. त्यांतून गोळी सहज पलीकडच्या खोलीत जाते. तू कुठे राहतोस, हे मी विचारते ते यासाठी. तो अपार्टमेंटमध्ये राहतो. भिंतीपलीकडे एक बाई आणि तिचं तान्हं मूल.

तो थोडा वेळ गप्प राहतो. मग ९ मिलीमीटरची चौकशी करतो. एफबीआयनंही .४० सोडून पुन्हा ९ मिलीमीटर घेतलं. गोळ्या सुधारल्या आहेत, झटका कमी बसतो, दुसरी गोळी नेमावर राहते आणि सरावाची काडतुसं स्वस्त पडतात. हा शेवटचा मुद्दा नव्याला सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण जे परवडत नाही त्याचा सराव होत नाही. आज काही घेऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. रविवारच्या वर्गात नाव घातलं आणि पाठवून दिलं.

पावणेबारा

ही जोडी आली तेव्हा मी लांबूनच ओळखलं काय होणार ते. नवरा पुढे, बायको दोन पावलं मागे. पन्नाशीच्या आसपास. नवऱ्याचं बोट काचेवर, खाली पाच गोळ्यांचं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर. ‘हिच्यासाठी. पर्समध्ये मावेल असं. सोपं. काही अडकायची भानगड नाही.’

तिनं अजून तोंडही उघडलेलं नाही.

या छोट्या रिव्हॉल्व्हरबद्दल मला पोटतिडकीनं बोलावंसं वाटतं. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, गोळी .३८ स्पेशल. हातात घेतलं की मन जिंकून घेतं. पण उडालेल्या गोळीचा झटका कुठेतरी जायला हवा. वजनदार पिस्तूल तो स्वतः पचवतं; हलकं पिस्तूल तो तळहाताला देतं. नळी छोटी, त्यामुळे मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर कमी. नेम केसभर हलला तरी गोळी वीतभर सरकते. चाप जड आणि लांब. ज्यांनी हजारो गोळ्या झाडल्यात त्यांनाही हे हत्यार सांभाळायला सराव लागतो. आणि नवरे हे बायकोच्या हातात पहिलं म्हणून देतात, कारण ते लहान आहे आणि ती लहानखुरी आहे. प्रेमापोटीच देतात, त्यात शंका नाही. पुढे होतं एवढंच, की ती एकदा झाडते, हात चोळत घरी येते, आणि ते हत्यार कपाटाच्या खणात पडून राहतं. न शिकलेल्या माणसाच्या घरात, भरलेलं.

मी तिला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं आणि नवऱ्याला होल्स्टरच्या भिंतीकडे पाठवलं. मग विचारलं, हात कसे आहेत? ती हसली. वीस वर्षं केस कापायचं काम करते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. बरणीचं झाकण फिरवायला त्रास होतो.

हे कळलं नसतं तर पुढची सगळी निवड फुकट होती. स्लाइड मागे ओढायला जोर लागतो, आणि तिथे अंगठा-तर्जनीची चिमूट वापरणारे अडतात. मी तिला आधी पद्धत दाखवली: डाव्या हाताचा पंजा स्लाइडवरून पूर्ण गुंडाळायचा आणि ओढण्याऐवजी उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. एका सर्वसाधारण ९ मिलीमीटरवर हे तिला जेमतेम जमलं, चेहरा वेडावाकडा झाला. मग स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, .३८० चं. २०१८ मध्ये आलेलं हे पिस्तूल अशाच हातांसाठी बनवलंय. स्लाइड मऊ, मॅगझीन भरताना खाली दाबायला बाजूला खुंट्या. तिनं स्लाइड ओढली, सोडली, पुन्हा ओढली. ‘अरे,’ एवढंच म्हणाली, आणि पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, ‘यात किती गोळ्या बसतात?’ आठ.

मूठ हातात बसली की नाही, ते बघायची एक साधी रीत आहे. पिस्तूल सरळ धरलं की नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवेत, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर ताण न देता टेकायला हवं. चापापर्यंत पोचायला हात मुठीभोवती फिरवावा लागला तर ते पिस्तूल आपलं नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो. ग्लॉक १९ जगभर चालतं, मीही ते वापरते, आणि तिच्या हाताला ते मोठं होतं.

दुपारी साडेबारा

मागे रेंज आहे. तिथे पिस्तुलं भाड्यानं मिळतात, आणि पहिल्या खरेदीआधी लोकांना तिथे नेण्यासाठी मी जिवाचं रान करते. काउंटरवर सगळी पिस्तुलं शहाणी वाटतात.

कानांवर दुहेरी आवरण, डोळ्यांना चष्मा. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी रायफल झाडत होतं. त्या आवाजानं छाती हादरते, आणि नवा माणूस स्वतःची पहिली गोळी झाडायच्या आधीच दचकायला शिकतो. म्हणून मी टोकाची लेन घेतली. निशाण ७ यार्डांवर, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतच. पहिल्यांदा एकच गोळी भरली.

नवऱ्याच्या आग्रहाखातर आधी ते रिव्हॉल्व्हर. तिनं चाप ओढायला घेतला तशी नळीचं टोक थरथरू लागलं, खाली गेलं, आणि गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. धूर, जळक्या दारूचा तिखट वास. तिनं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि अंगठ्याचं मूळ दाबून धरलं. दुसरी गोळी नको म्हणाली. मग मी ते नवऱ्याच्या हातात दिलं. त्याच्या पाच गोळ्या कागदभर विखुरल्या. तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर मला हवं ते दिसलं.

मग .३८०. पहिली गोळी खाली डावीकडे. गोळी सुटायच्या आत हातानं झटका अडवायचा प्रयत्न केला की उजव्या हाताच्या माणसाची अशीच जाते. मी तिला सांगितलं, पुढच्या माशीवरून नजर काढू नकोस, चाप हळूहळू दाबत राहा, कधी सुटेल ते तुलाच कळायला नको. तिसऱ्या गोळीपासून भोकं जवळ जवळ येऊ लागली. शेवटच्या मॅगझीनच्या आठही गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत होत्या. तिनं कागद खाली उतरवला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

अडीच

फॉर्म ४४७३. इथे निवड संपते आणि कायदा सुरू होतो. पिस्तूल खरंच कुणासाठी घेताय, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. दुसऱ्याच्या पैशांनी, दुसऱ्यासाठी, स्वतःच्या नावावर घेतलं तर तो केंद्रीय गुन्हा. २०२२ च्या कायद्यानं त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. नवऱ्यानं स्वतःच्या पैशांतून बायकोला खरीखुरी भेट दिली तर ते चालतं. तरी मी आग्रह धरला की फॉर्म तिनंच भरावा. शिक्षा, घरगुती हिंसाचार, न्यायालयाचा मनाई हुकूम, अमली पदार्थ, मनोरुग्णालयात सक्तीनं दाखल होणं, अशा एकेका प्रश्नापुढे हो किंवा नाही. लोक वैतागतात. मला हे प्रश्न प्रत्येकानं संथपणे वाचावेत असं वाटतं.

मग नावानिशी एफबीआयकडे विचारणा. ही ताबडतोब तपासणीची यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे, १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली. जेम्स ब्रेडी हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे प्रसिद्धी सचिव. रेगन यांच्यावरच्या १९८१ च्या हल्ल्यात डोक्याला गोळी लागून जन्मभराचे अपंग झाले. उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, नाही. तिचं काही मिनिटांत आलं. पुढे जा.

साडेतीन

‘ताई, तुम्ही मराठी ना?’ माझ्या शर्टावरची नावाची पट्टी वाचून एकानं विचारलं. तिशीतला मुलगा, सोबत बायको, ढकलगाडीत लेक. पुण्याचे. त्यांच्या गल्लीत आठवड्यापूर्वी एक घर फोडलं होतं.

‘कुठल्या व्हिसावर आहात?’

‘एच-वन-बी. ही एच-फोरवर.’

‘मग नाही देता येणार, दादा. व्हिसावरच्या माणसाला हत्यार बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. विकत घेणंच नव्हे, मित्राकडून घेऊन घरात ठेवणंही गुन्हा. रेंजवर हातात घेतलंत तरी अडचणीत याल.’

तो चकित झाला. ऑफिसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की टेक्सासमध्ये काहीच लागत नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथे पिस्तूल जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही, हे खरं; पण ज्याला मुळात हत्यार ठेवायला बंदी नाही, अशा माणसाची ती सवलत आहे. आपल्या लोकांत हा घोळ फार आहे, आणि त्याची किंमत हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. शिकारीचा चालू परवाना असेल तर कायद्यात अपवाद आहे, हेही मी सांगितलं, कारण अर्धी माहिती देणं मला पटत नाही. पण तो मार्ग वकिलाला विचारल्याशिवाय धरू नका, असंही बजावलं. ग्रीन कार्ड आलं की गोष्ट वेगळी.

बायको इतका वेळ ऐकत होती. ‘ताई, मग आम्ही काय करू?’ दाराच्या चौकटीला लांब स्क्रू, बाहेर दिवा, मागच्या काचेच्या दाराला आडवी दांडी. त्यांना समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा रस्ता दाखवला. मुलीला बिस्कीट दिलं. दुकानाची विक्री झाली नाही, आणि आज दिवसभरात केलेल्या कामांत हे मला चांगलं वाटतं.

पावणेपाच

एक माणूस आला. चाळिशीचा, नीटनेटका. कपाटाकडे नीट पाहिलंच नाही. ‘एक पिस्तूल पाहिजे.’ कशासाठी? ‘कुठलंही चालेल.’ मी दोन पुढे ठेवली. त्यानं मूठ धरून बघितली नाही, फरक विचारला नाही, सरावाचं विचारलं नाही. काडतुसांचा डबा नको, थोडीच द्या म्हणाला. नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी.

नवा माणूस घाबरलेला असतो, उतावळा असतो, कधी उर्मटही असतो. पण त्याला काहीतरी हवं असतं, म्हणून तो प्रश्न विचारतो. ज्याला निवडायचंच नाही, त्याच्यापाशी मी थांबते. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन जणांनी आठवड्याभराच्या आत एकाच दुकानातून हत्यारं घेतली आणि काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरून गेला. त्यातून तिथले दुकानदार आणि आरोग्य क्षेत्रातली माणसं एकत्र आली, आणि काउंटरवरच्या माणसानं काय ओळखायचं याची पत्रकं निघाली. पुढे ती पद्धत इतर राज्यांत गेली. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२३ मध्ये ४६ हजारांहून अधिक मृत्यू झाले, त्यांतल्या २७ हजारांहून अधिक आत्महत्या. ज्या भीतीनं लोक दुकानात येतात, ती चोराची असते. आकडा वेगळंच सांगतो.

मी पिस्तुलं उचलून आत ठेवली आणि त्याला सरळ विचारलं, ‘तुम्ही स्वतःला इजा करायचा विचार करताय का?’ असं विचारल्यानं कुणाच्या मनात विचार भरवला जात नाही. हे मला शिकवलं गेलंय आणि अनुभवानं पटलंय. तो बराच वेळ काचेवर बोटं टेकून उभा राहिला. मग होकारार्थी मान हलवली. विक्री नाकारायला आम्हाला कारण लेखी द्यावं लागत नाही. मॅनेजर त्याला मागच्या खोलीत घेऊन बसला, आत्महत्या रोखण्यासाठीच्या ९८८ या मदतवाहिनीला फोन लावून दिला. बहीण जवळच राहते म्हणाला. ती आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून घेऊन गेली. जाताना तिनं विचारलं की घरात त्यांच्या वडिलांची जुनी बंदूक आहे, ती काही दिवस इथे ठेवता येईल का. तासाभरात ती घेऊन आली.

त्यानंतर मी दहा मिनिटं कुणाशीच बोलले नाही.

संध्याकाळी सहा

गर्दी. या वेळेला येणारे बहुतेक बघे, त्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही.

केस कापणाऱ्या बाईचं सामान बांधलं. नवरा आता मागे उभा होता. तिनं खिशाला परवडेल तेवढंच ठरवलं होतं, आणि नवऱ्याच्या हातात लेझर लावायचं एक उपकरण होतं. ते परत ठेवायला लावलं आणि त्या पैशांत पलंगाजवळ ठेवायची, बोटांनी उघडणारी छोटी पेटी घ्यायला सांगितली. पिस्तुलाबरोबर कुलूप देणं २००५ च्या कायद्यानं सक्तीचं आहे, पण ती तारेची कुलपं खोक्यातच राहतात. घरी कोण येतं-जातं? नात, सहा वर्षांची, दर शुक्रवारी मुक्कामाला. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागलं तर मालकावर गुन्हा दाखल होतो, हे मी सांगितलं. पण ते सांगायच्या आधीच तिनं पेटी उचलली होती. आकडा स्वतःच ठरवला. नवऱ्याला सांगितला, हळू आवाजात. नातीची जन्मतारीख मात्र ठेवू नका, असं मी म्हटलं, आणि तिनं तो बदलला.

साडेसात

गुरुवारी ‘थांबा’ उत्तर आलेल्या एका गिऱ्हाइकाचं आज मोकळं झालं. शाळेची बस चालवतो. नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या कुणाशी जुळत होती, एवढंच. अशा वेळी लोकांना अपमान झाल्यासारखं वाटतं, म्हणून फोन मीच करते. तो लगेच निघतो म्हणाला. आठला बंद होतं, उद्या बारानंतर या, आणि ओळखपत्रावरचा पत्ता जुना असेल तर गाडीच्या नोंदणीचा कागद आणा, असं सांगितलं.

‘सोबत मुलाला आणू का? चौदा वर्षांचा आहे. घरात येतंय, तर त्यालाही कळायला हवं.’

आणा म्हटलं. रविवारचा वर्ग दोनला आहे; पहिला तास नुसतं बोलायचं असतं, त्या तासाला दोघांनाही बसवेन.